पिसं काढायचं मशीन आणि माझे मंगळवार

आमच्या खोऱ्यात मंगळवारी आणि शुक्रवारी बंदुका गप्प असतात. कायदाच आहे तसा, पक्ष्यांनाही दोन दिवस सुखाचे मिळावेत म्हणून. पक्ष्यांचं मला माहीत नाही, पण माझा मंगळवार मात्र अलीकडे फारच सुखाचा जात होता, आणि त्याला कारण होता बोर्तोलो.

बोर्तोलोनं उभी हयात बंदुकीच्या कारखान्यात लेथवर काढली. आता तो निवृत्त आहे, विधुर आहे, डोक्यावर केस नाहीत, आणि नेम इतका वाईट की डोंगरावरच्या त्याच्या शिकारीच्या झोपडीसमोर कस्तुर पक्षी विश्रांतीला उतरतात असं गावातले लोक म्हणतात. तरी हंगामात चार-सहा कस्तुर त्याच्या हाती लागायचेच. ते दोरीला बांधून तो मंगळवारी संध्याकाळी माझ्याकडे यायचा. का, तर त्याला पिसं काढता येत नाहीत आणि मला येतात. आमच्याकडे हे पक्षी विकायला बंदी आहे आणि पिसं काढायचे पैसेही कुणी घेत नाही. काढणारीनं त्यातले एक-दोन पक्षी ठेवून घ्यायचे, एवढाच रिवाज.

आता खरं सांगते. लग्न होऊन मी या गावात आले तेव्हा माझ्याइतका चपळ हात दुसऱ्या कुणाचा नव्हता. चुलीवर कॉफी उकळेपर्यंत माझा कस्तुर गुळगुळीत झालेला असायचा. पण बोर्तोलो समोर बसला की मला काय व्हायचं देव जाणे. तांदळातले खडे निवडावेत तशी मी एकेक पीस निवडून काढायचे. तोही ‘शिकतो’ म्हणून एक पक्षी घ्यायचा आणि त्याची कातडी फाडून ठेवायचा. मग मी रागवायचे, तो हसायचा, मग थोडी वाइन, मग त्याच्या कारखान्यातल्या गोष्टी, मग पुन्हा एक पीस. पाच पक्षी होईपर्यंत जेवणाची वेळ टळून जायची. साठी उलटलेल्या बाईनं असं वागावं का, हे मला विचारू नका. मी मजेत होते.

खालच्या मजल्यावर माझी नणंद एर्नेस्ता राहते. माझा नवरा सेवेरीनो गेला त्याला बरीच वर्षं झाली, पण त्याची बहीण अजून माझ्यावर पहारा ठेवते.

“काल किती पक्षी होते गं?” एका बुधवारी सकाळी तिनं विचारलं.

“पाच.”

“पाच! आणि तो गेला कधी? मी झोपायला निघाले होते. माझा भाऊ होता तेव्हा तू एवढ्या वेळात टोपलीभर पक्षी साफ करून वर भांडी घासायचीस.”

“वय झालं, एर्नेस्ता.”

“कुणाचं? तुझं की पक्ष्यांचं?”

माझ्या कानांना आग लागली होती, आणि ती तिला दिसत होती.

“हे बघ,” ती म्हणाली, “बेकरीत बायका बोलायला लागल्यात. आता कितीतरी घरांत मशीन आलंय, आणि तू अजून हातानं पिसं काढतेस. तुझ्या नावाच्या संतिणीचा दिवस आलाय, तुझा नामदिन. मी तुला मशीन घेऊन देणार. म्हणजे त्याचे पाच पक्षी पाच मिनिटांत होतील आणि तो आपल्या घरी जाईल.”

पाच मिनिटांसाठी कुणी टोपी काढून बसतं का? दारातूनच पिशवी देईल, दारातूनच घेईल, आणि वर ‘आभारी आहे’ म्हणेल. पण मशीन नको म्हणायचं तर का नको ते सांगायला लागलं असतं. ते मी बोर्तोलोला सांगितलं नव्हतं, मग एर्नेस्ताला काय सांगणार?

मला वाटलं, बोर्तोलोच काहीतरी खोट काढेल. पुढच्या मंगळवारी त्याला म्हटलं, “एर्नेस्ता मला मशीन घेऊन देतेय.” त्याच्या हातातला पक्षी टेबलावर पडला. मग तो घसा साफ करत म्हणाला, “अरे वा. छान. मी गाडी घेऊन येतो, उचलायला माणूस लागेल.”

छान म्हणे! त्या रात्री मी उशीला दोन गुद्दे घातले.

शनिवारी दुपारी त्याच्या पांडा गाडीतून आम्ही खाली गार्दोनेच्या बाजारपेठेत निघालो. मी पुढे, एर्नेस्ता मागे, आणि तिची मान आमच्या दोघांच्या मधोमध. तुल्लियोचं शिकारीच्या सामानाचं दुकान शिकाऱ्यांनी गच्च भरलं होतं. सकाळची शिकार आटोपून सगळे काडतुसं घ्यायला आणि थापा मारायला तिथंच जमतात. आमच्या गावचे निम्मे पुरुष तिथं होते.

“या, या सिन्योरा डेल्फिना!” तुल्लियो हात चोळत माझ्यापुढे आला. त्यानं पहिलं मशीन लावलं. छोटंसं, टेबलावर ठेवायचं. एक रूळ, रुळावर रबरी बोटं. रूळ फिरतो, पक्षी नुसता धरायचा, बोटं पिसं ओढून घेतात.

बोर्तोलोनं डोळे मिटून मोटरला कान लावला. डॉक्टर छातीला लावतात तसा. सगळं दुकान शांत झालं.

“बेअरिंग कुरकुरतंय,” तो म्हणाला.

“नवीन आहे ते!” तुल्लियो ओरडला.

“नवीनच कुरकुरतंय.”

मी लगेच मान हलवली. “मलाही ऐकू आलं.”

“तुला?” एर्नेस्ता म्हणाली. “तुला दाराची घंटा ऐकू येत नाही.”

दुसरं मशीन चकत्यांचं होतं. चकत्या एकमेकींत मिटतात आणि पिसं चिमटीत धरून खेचतात, मागून पंखा ती पिशवीत ओढून घेतो. घरात पिसाचा तुकडा उडत नाही. एर्नेस्ताला ते फार पसंत पडलं. म्हणून मला ते बिलकुल पसंत पडलं नाही.

“हिरवं आहे,” मी म्हणाले.

“मग?”

“माझ्या फरशीवर हिरवं वाईट दिसेल.”

“मशीन आहे बाई ते, पडदा नव्हे!”

“आणि हे तितरांसाठी आहे,” बोर्तोलो घाईघाईनं म्हणाला. “लहान कस्तुराची कातडी ओढली जाईल यात.”

“तुझ्या हातून नाही का ओढली जात?” एर्नेस्ता फटकन बोलली, आणि मागे कुणीतरी खोकल्यासारखं हसलं.

तिसरं फार जड निघालं. चौथ्याला रबराचा वास येत होता. पाचव्याचं बटण डाव्या बाजूला होतं, आणि मी उजव्या हाताची. मी खोट काढली की बोर्तोलो मान डोलवायचा, त्यानं काढली की मी डोलवायचे. तुल्लियोच्या कपाळावर घाम आला. आणि माझ्या मनात हळूहळू उकळ्या फुटायला लागल्या. अगं बाई, मला वाटलं, यालाही नकोय! याला माझे मंगळवार हवेत! मला तिथंच, त्या काडतुसांच्या कपाटापुढे, गिरकी घ्यावीशी वाटली.

मग तुल्लियोनं आतल्या खोलीतून शेवटचं आणलं. ते उभ्या पायांवरचं होतं, स्टीलचं, चकचकीत. लहान-मोठ्या पक्ष्यांसाठी दोन वेगळे रूळ, खाली पायानं दाबायची पट्टी. त्यानं पट्टी दाबली. आवाजच आला नाही. नुसता हलका घुं.

बोर्तोलोनं कान लावला आणि तो तसाच राहिला. मग त्यानं झाकण उघडायला लावलं, रुळाच्या दांड्यावर अंगठा फिरवला, आणि त्याचा चेहरा असा उजळला की मी कधी पाहिला नव्हता. माझी तांबडी वाइन पितानासुद्धा नाही.

“अरे देवा,” तो पुटपुटला. “काय शाफ्ट घासलाय. केसाएवढाही हलत नाही. डेल्फिना, बघा तर! हात लावून बघा!”

त्यानं आयुष्यभर असेच दांडे घासलेत. आमच्याकडच्या लेथवाल्याला बायकोबद्दल खोटं बोलायला सांगा, तो बोलेल. चांगल्या घासलेल्या लोखंडाला वाईट म्हणायला सांगा, त्याची जीभच वळणार नाही. हे मला आज कळतं. तेव्हा मला एवढंच दिसलं की हा माणूस मशीन बघून वितळलाय.

एर्नेस्तानं संधी साधली. “म्हणजे हे चांगलं आहे?”

“उत्तम आहे.”

“काम पटकन करेल?”

“पटकन? डोळ्याची पापणी लवेपर्यंत!” तो म्हणाला, आणि मग त्याला कळलं की आपण काय बोललो. त्यानं माझ्याकडे पाहिलं. त्याचं टक्कल लाल झालं.

पण माझं डोकं फिरलं होतं. पटकन हवंय काय याला? मग घे म्हणावं पटकन! “तुल्लियो,” मी अख्ख्या दुकानाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “हेच बांधा!”

अख्ख्या दुकानाला ऐकू गेलं.

“डेल्फिना, दोन रुळांचं घेतेस?” आमच्या गल्लीतला प्रिमो मागून ओरडला. “आमचं मशीन तीन आठवडे बंद पडलंय. मंगळवारी येतो हं मी!”

“मीपण! माझ्याकडे रानकबुतरं आहेत.”

“माझ्या बायकोचा हात दुखतो, मलाही धर.”

ज्याच्या घरी मशीन, त्यानं शेजाऱ्याला नाही म्हणायचं नसतं. आमच्या खोऱ्यात कुणाला घरात पाणी नाकारलं तरी चालेल, पिसं काढायला नाकारलं तर पोरांची लग्नं जमत नाहीत. मी उभी राहून ‘हो, या’, ‘हो, या’ म्हणत राहिले आणि माझा मंगळवार वाटून टाकला.

परतीच्या वाटेवर मी खिडकीकडे तोंड फिरवून बसले. मशीन मागे, एर्नेस्ताच्या मांडीला टेकून. निम्म्या घाटात बोर्तोलो हळूच म्हणाला, “शाफ्ट मात्र खरंच चांगला आहे.”

“हो का?” मी म्हणाले. “मग मंगळवारी त्या शाफ्टशीच गप्पा मारा.”

मागून एर्नेस्ता खुदकन हसली. का हसली, ते मला कळलं नाही.

मंगळवार उजाडला, मावळला, आणि जिना माणसांनी भरला. दोऱ्यांना कस्तुर, पिशव्यांत तितरं, एकानं तर शेजारच्या खोऱ्यातल्या मेहुण्याची कबुतरंसुद्धा आणली होती. एर्नेस्ता जिन्याच्या टोकाला कमरेवर हात ठेवून उभी.

“बूट पुसा! एकेकानं आत या! प्रिमो, धक्का देऊ नकोस, पक्षी मेलेलेच आहेत, पळून जात नाहीत!”

मी पट्टीवर पाय ठेवला आणि कामाला लागले. खोटं कशाला बोलू, मशीन अफाट होतं. पक्षी रुळाला लावला, फिरवला, झाला. लावला, फिरवला, झाला. प्रिमो टाळ्या वाजवायला लागला. कुणीतरी वाइन उघडली, कुणीतरी चीज कापलं, कुणीतरी माझ्याच खुर्चीवर बसून मला बटण कसं दाबायचं ते शिकवायला लागला. स्वयंपाकघरात जत्रा भरली होती. आणि मला रागही येत होता आणि मजाही येत होती, आणि दर दोन पक्ष्यांनंतर माझी नजर दाराकडे जात होती.

तो आला होता. दारात त्याचं टक्कल दिसलं. आज अंगात निळा शर्ट, खांद्याला शिकारीची पिशवी. रांगेत त्याचा नंबर जवळच होता. माझे हात जरा चुकले आणि प्रिमोच्या कस्तुराला जखम झाली.

“पुढे ये, बोर्तोलो,” एर्नेस्ता म्हणाली.

“नको, याला जाऊ द्या,” तो मागच्या माणसाकडे बोट दाखवत म्हणाला. “याला लांब जायचंय.”

मग पुढचा आला. “तुम्ही जा, तुमच्याकडे कबुतरं आहेत, वेळ लागेल.”

त्याच्यानंतरचा. “जा रे तू, घरी लेकरं वाट बघत असतील.”

“माझी लेकरं पस्तिशीची आहेत,” तो माणूस म्हणाला, पण गेला.

टक्कल दारातून मागे सरकलं, मग जिन्यावर गेलं, मग दिसेनासं झालं. नवीन कुणी आलं की तो त्याला पुढे ढकलायचा आणि स्वतः शेवटाला जायचा. हळूहळू हे सगळ्यांच्या लक्षात आलं. माणसं एकमेकांना कोपरानं ढोसायला लागली. प्रिमोचं काम कधीच झालं होतं तरी तो जायला तयार नव्हता. “थांब ना,” तो सगळ्यांना सांगत होता, “हे बघायचंय मला.” शेवटी एर्नेस्तानं त्याला कॉलरला धरून बाहेर काढलं.

शेवटचा माणूस तितरं घेऊन गेला. स्वयंपाकघर रिकामं झालं. मशीन घुं करत होतं. बोर्तोलो आत आला, टोपी हातात घेऊन, आणि मशीनसमोर उभा राहिला.

“द्या,” मी हात पुढे केला. तेही मुद्दाम कोरड्या आवाजात. पाच मिनिटं, मला वाटत होतं. पाच मिनिटांत संपेल हे.

त्यानं पिशवी दिली नाही. मीच ती ओढून घेतली आणि उघडली. आत काहीच नव्हतं. एक पीससुद्धा नाही.

“पक्षी कुठायत?”

“नाहीत.”

“सगळे चुकले?”

“गेलोच नाही वर. या आठवड्यात झोपडीकडे फिरकलो नाही. ब्रेशाला, शहरात गेलो होतो.” त्यानं शर्टाच्या बाहीकडे पाहिलं. “हा घ्यायला.”

“मग एवढा वेळ रांगेत कशाला उभे होतात? पिसं कुणाची काढायची, तुमची?”

“माझी तर कधीच गेली,” तो टकलावरून हात फिरवत म्हणाला. आणि मग त्याला हसता येईना. “मंगळवार होता, डेल्फिना. मंगळवारी मी दुसरीकडे कुठं जाणार?”

मी पट्टीवरचा पाय काढला. मशीन थांबलं. रडावं की हसावं कळेना, आणि दोन्ही एकदम झालं. पक्षी नसताना हा माणूस पिसं काढायच्या रांगेत उभा होता, अख्ख्या गावासमोर, नवीन शर्ट घालून!

“बोर्तोलो,” मी म्हणाले, “मला तुम्ही आवडता. फार आवडता. आणि हे मशीन मला कधीच नको होतं.”

“मलाही नको होतं,” तो म्हणाला. “पण काय करू, शाफ्ट खरंच…”

“पुन्हा शाफ्ट म्हणालात तर बघा!”

दारात एर्नेस्ता उभी होती. किती वेळ, कोण जाणे. तिनं डोळे पुसले आणि ते लपवायला जोरात नाक शिंकरलं.

“झालं एकदाचं,” ती म्हणाली. “मला वाटलं, तुमची तोंडं उघडायला आता मला दुसरं काय विकत आणावं लागतंय. आणि या मशीनचं काय करायचं? पुढच्या मंगळवारी सगळे परत येतील.”

“खाली तुझ्याकडे ने,” मी म्हणाले.

“माझ्याकडे? म्हणजे सगळ्या गावची माणसं, सगळ्या गावच्या बातम्या घेऊन, माझ्या स्वयंपाकघरात?”

“हो.”

तिनं केस नीट केले. “मग बघत काय बसलात? उचला!”

आम्ही उचललं. तो खालच्या बाजूला, मी वरच्या. जिना अरुंद, मशीन जड, आणि माझ्या नाकावर एक पीस चिकटलेलं, ते काढायला हात मोकळा नाही. मी फुंकर मारली, ते त्याच्या टकलावर जाऊन बसलं. मला हसू फुटलं. मला बघून त्याला फुटलं. वळणावर आम्हाला मशीन खाली ठेवावंच लागलं.

“डेल्फिना,” तो धापा टाकत म्हणाला, “पुढच्या मंगळवारीही माझ्याकडे पक्षी नसतील बहुतेक.”

“नसू देत.”

“आणि बुधवारी आलो तर?”

“बुधवारी ये,” मी म्हणाले. “गुरुवारी ये. शिकारीच्या दिवशीही ये, नाहीतरी तुला काही लागत नाही.”

त्यानं मशीनवरून वाकून माझ्या नाकाचा मुका घेतला. नेम त्याचा असाच आहे. दुसऱ्यांदा मात्र तो चुकला नाही.

“अहो, आणताय की तिथंच संसार मांडताय?” खालून एर्नेस्ता ओरडली.

आम्ही मशीन पुन्हा उचललं, दोन पायऱ्या उतरलो, आणि हसू आवरेना म्हणून परत खाली ठेवलं.